शाआर हाशामाईम सिनेगॉग, ठाणे

ठाणे शहराच्या पश्चिम भागात, टेंभी नाक्याजवळ सिव्हिल हॉस्पिटलच्या रस्त्यावर असलेले बेने इस्रायल ज्यूंचे प्रार्थनागृह. स्थापना १८७९. ‘शाआर हाशामाईम’ म्हणजे स्वर्गाचे दार. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात शिडीचे स्वप्न पाहून जागा झालेला याकोब आपण निजलो त्या जागेला स्वर्गाचे दार म्हणतो. भारतात आज नियमित प्रार्थना चालणाऱ्या ज्यू मंडळींमध्ये ठाण्याची मंडळी मोठ्यांपैकी गणली जाते. मुलुंड, कळवा, डोंबिवली, कल्याण या बाजूंना पांगलेल्या कुटुंबांचे सणासुदीला एकत्र येण्याचे ठिकाण हेच.

केवळ वास्तू पाहायला येणाऱ्याची येथे थोडी निराशा होईल. भायखळ्याच्या मागेन डेव्हिड सिनेगॉगचा घड्याळाचा मनोरा किंवा पुण्याच्या ओहेल डेव्हिडची, म्हणजे ‘लाल देवळाची’, उंच लाल बांधणी येथे नाही. त्या दोन्ही इमारती ससून या धनाढ्य बगदादी ज्यू घराण्याच्या पैशातून उभ्या राहिल्या. ठाण्याचे सिनेगॉग नोकरदारांचे. आतली मांडणी इतर बेने इस्रायल प्रार्थनागृहांसारखीच आहे. जेरुसलेमच्या दिशेच्या, म्हणजे आपल्याकडे पश्चिमेच्या भिंतीत हेखाल, हे पडद्याआडचे पवित्र कपाट. त्यात तोराच्या, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांच्या, हस्तलिखित गुंडाळ्या. मध्यभागी कठडा असलेला चौथरा, तेबा. हझान तेथे उभा राहून प्रार्थना चालवतो आणि तोरा वाचतो. बायकांची बसण्याची व्यवस्था वेगळी. दाराच्या चौकटीवर मेझुझा, म्हणजे शास्त्रवचनांची डबी; जाता-येता तिला हात लावून बोटे ओठांना लावायची.

बेने इस्रायलांची परंपरा अशी की, त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. कधी, याविषयी एकमत नाही, आणि लेखी पुरावा बराच नंतरचा. कुलाबा जिल्ह्याच्या (आताच्या रायगडच्या) गावांत ते तेलाचा घाणा चालवीत. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणवले जात. नवगावकर, पेणकर, दिवेकर, राजपूरकर, झिराडकर ही आडनावे गावांवरून आली. सुंता, शनिवारचा विसावा, खवले-पर नसलेले मासे वर्ज्य आणि ‘शमा इस्राएल’ ही प्रार्थना एवढी शिदोरी त्यांनी जपली होती. बाकीचा धर्म डेव्हिड रहाबी या बाहेरून आलेल्या ज्यू शिक्षकाने शिकवला असे सांगतात. अठराव्या शतकापासून माणसे मुंबईत आणि इंग्रजी फौजेत शिरू लागली. फौजेतला अधिकारी सॅम्युएल इझिकेल दिवेकर याने १७९६ मध्ये मांडवीत शाआर हारहामीम हे मुंबईतले पहिले सिनेगॉग बांधले. पुढे १८५३ मध्ये बोरीबंदर–ठाणे रेल्वे सुरू झाली. रेल्वे, टपाल, कचेऱ्या, इस्पितळे यांतल्या नोकऱ्यांच्या मागे कुटुंबे ठाण्याला आली. प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुषांचा मिन्यान रोज जमू लागला की स्वतःची जागा हवीशी होते. त्यातून १८७९ ची वास्तू उभी राहिली.

या समाजात राब्बी अपवादानेच. प्रार्थना हझान चालवतो, देखरेख शामाश करतो, व्यवहार विश्वस्त पाहतात. जुन्या काळी मुकादम आणि चौगुले हे हुद्देही होते, थेट गावगाड्यातून उचललेले. हिब्रू प्रार्थनांचा क्रम सेफार्दी, म्हणजे मूळ स्पेनकडच्या ज्यूंच्या, वळणाचा आहे. एकोणिसाव्या शतकात कोचीनचे ज्यू येथे शिक्षक आणि हझान म्हणून येत, त्यांच्याकडून तो आला. अर्थ मात्र मराठीतून कळावा, यासाठी जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी प्रार्थनापुस्तकांची मराठी भाषांतरे केली.

आठवड्याचा कणा शब्बाथ, शनिवारचा विसावा. शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी घरी दिवे लागतात, संध्याकाळी सिनेगॉगमध्ये प्रार्थना होते, शनिवारी सकाळी तोराचा त्या आठवड्याचा भाग वाचला जातो. किद्दुशसाठी, म्हणजे द्राक्षारसावरच्या आशीर्वादासाठी, बाटलीतल्या द्राक्षारसाऐवजी काळ्या मनुका पाण्यात भिजवून, कुस्करून गाळलेले सरबत घेण्याची पद्धत आहे. शब्बाथला प्रवास, स्वयंपाक आणि व्यवहार करू नये हा नियम, पण डोंबिवलीहून येणाऱ्याला लोकलशिवाय गत्यंतर नाही. काहीजण ती घेतात, काही घरीच प्रार्थना करतात. याबाबत मंडळी एकमेकांना फार छेडत नाहीत, आणि हा समजूतदारपणाच ती टिकून राहण्याचे एक कारण असावे असे प्रस्तुत नोंदकाराला वाटते.

वर्षाचा क्रम समजून घ्यायला मराठी पंचांग हाताशी असले तर सोपे जाते. ज्यू महिने चंद्राचे, आणि सौर वर्षाशी मेळ राखण्यासाठी एकोणीस वर्षांत सात अधिक महिने धरतात. आपल्या अधिक मासाचे गणितही जवळपास तेच, फक्त अधिक महिने एकाच वेळी पडत नाहीत. परिणामी दोन्ही पंचांगांतल्या तिथी जवळपास जुळतात आणि महिना कधी जुळतो, कधी सरकतो. टेंभी नाक्यावर हे डोळ्यांना दिसते, कारण शिवसेनेचे नेते आनंद दिघे यांनी सुरू केलेल्या नवरात्रोत्सवाचा मंडप तेथेच पडतो. २०२५ मध्ये घटस्थापनेच्याच दिवशी, २२ सप्टेंबरला, सूर्यास्ताबरोबर ज्यू वर्ष ५७८६ सुरू झाले. योम किप्पूरचा, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाचा, उपास २ ऑक्टोबरला, ऐन दसऱ्याला आला, आणि सुक्कोथ या मांडवांच्या सणाची पहिली रात्र कोजागरीची. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे तिश्री महिना आश्विनाऐवजी भाद्रपदाशी जुळतो. नववर्षाचे दोन दिवस १२ आणि १३ सप्टेंबर, लगेच १४ ला गणेश चतुर्थी. सुक्कोथची सुरुवात २५ सप्टेंबरच्या संध्याकाळी, अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकांत.

रोश हाशाना, म्हणजे ज्यू नववर्ष, जुन्या बोलीतला ‘नव्याचा सण’, हा मंडळीचा सर्वांत गर्दीचा काळ. एडक्याच्या शिंगाचा शोफार फुंकतात. सणाचा पहिला दिवस शनिवारी आला तर शोफार वाजत नाही, दुसऱ्या दिवशीच वाजतो. २०२६ चे वर्ष तसे आहे. घराघरांत नारळाच्या दुधातला गव्हाच्या चिकाचा हलवा होतो. सणाच्या जेवणात मटण असते, आणि मांसाबरोबर दुधाचे काही चालत नाही. म्हणून नारळाचे दूध. कोकणात ही तडजोड कोणाला अवघड गेली नसणार. वाहत्या पाण्याकाठी जाऊन पापे पाण्यात टाकण्याचा तश्लीखचा विधीही याच दिवसांतला.

दहाव्या दिवशी योम किप्पूर. पांढरे कपडे, पंचवीस तासांचा निर्जळी उपास, आदल्या संध्याकाळपासून चाललेल्या प्रार्थना आणि दिवस मावळताना शोफारचा एक लांब सूर. वर्षभर न फिरकणारे सभासदही त्या दिवशी येतात. गावाकडे पूर्वी लोक या दिवशी दारे लावून घरातच बसत. दुसरा दिवस ‘शिळा सण’ म्हणून नातेवाइकांकडे जाण्याचा आणि दानधर्माचा असे. त्यानंतर सुक्कोथ. आवारात झावळ्यांनी शाकारलेला मांडव घालतात, त्यात फळे टांगतात, खाली बसून किद्दुश होतो. शेवट सिम्हाथ तोराने, म्हणजे तोराच्या आनंदोत्सवाने. गुंडाळ्या हेखालाबाहेर काढून, त्या हातांत घेऊन फेऱ्या आणि नाच. मुलांना हा दिवस सर्वांत आवडतो यात नवल नाही.

हिवाळ्यातला हानुक्का बेने इस्रायलांना मुळात ठाऊक नव्हता. बाहेरच्या ज्यूंशी संबंध आल्यावर तो आला. आज आठ संध्याकाळी वाढत्या क्रमाने दिवे लावतात.

माघाच्या सुमाराची पौर्णिमा, तू बिश्वाथ, हा इतर ज्यूंच्या दृष्टीने झाडांचा नववर्षदिन. येथे त्याला ‘एलियाहू हनबीचा उरूस’ म्हणतात. अलिबागजवळ सागावला एक खडक आहे. त्यावरच्या खुणा संदेष्टा एलियाहूच्या रथाच्या चाकांच्या आणि घोड्यांच्या टापांच्या अशी श्रद्धा आहे. तो येथूनच स्वर्गात गेला, किंवा येथे उतरला, असे सांगतात. या दिवसाच्या आसपास मुंबई-ठाण्याची कुटुंबे तेथे जातात, नवस फेडतात आणि मलिदा करतात.

मलिदा हा बेने इस्रायलांचा खास विधी. जगातल्या इतर ज्यूंकडे तो या रूपात नाही. पोहे धुऊन भिजवायचे, त्यात ओला खवलेला नारळ, साखर, वेलची, सुका मेवा घालून मोठ्या ताटात रचायचे, भोवती केळी, खजूर आणि इतर फळे, जोडीला गुलाब किंवा सुवासिक पाला. मग एलियाहूचे हिब्रू स्तवन देशी चालीवर म्हणतात. झाडाचे फळ, जमिनीचे पीक आणि सुगंध यांच्यासाठी वेगवेगळे आशीर्वाद उच्चारून प्रसाद वाटतात. आजारातून उठणे, नोकरी लागणे, नवे घर, परदेशी जाणे, लग्न, अशा कोणत्याही निमित्ताने कुटुंब मलिदा बोलते. त्यामुळे सिनेगॉगच्या वर्षात ठरलेल्या सणांइतकेच हे न ठरलेले मेळावेही असतात. अभ्यासकांनी यात हिंदू प्रसादाची आणि मुस्लिम उरुसाची छाया पाहिली आहे. तशी ती असेल. मात्र आशीर्वादांची भाषा आणि क्रम पूर्णपणे ज्यू आहे.

पुरीम फाल्गुनी पौर्णिमेच्या आसपास येतो, म्हणून तो पूर्वी ‘होळीचा सण’. बायबलमधली एस्तेर राणीची कथा वाचतात, दुष्ट हामानाचे नाव आले की पाय आपटून गोंगाट करतात, घरी पुरणपोळी होते. त्यानंतरच्या पौर्णिमेला वल्हांडण, पेसाह. पूर्वी त्याआधी घर चुन्याने रंगवीत आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई लावून घेत. आता स्टीलमुळे कल्हईवाल्याचे काम संपले, सफाईचे संपलेले नाही. सेदरच्या, म्हणजे वल्हांडणाच्या जेवणाच्या, रात्री मिसरमधून सुटकेची कथा सांगणारी हगादा वाचतात. पुण्यात १८७४ मध्ये मोझेस जेकब टळकर आणि आरोन डॅनियल टळकर यांनी हिब्रू-मराठी हगादा छापली. तिच्या चित्रांत जमिनीवर बसून मात्झा, ही बिनखमिराची भाकरी, करणाऱ्या बायका लुगड्यांत आहेत. पावसाळ्यात तिशा बआवचा, जेरुसलेमचे मंदिर पडल्याच्या दुःखाचा उपास येतो. त्या सुमारास मांसाहार बंद असतो आणि घरोघरी वालाचे बिरडे होते, म्हणून त्याला ‘बिरड्याचा रोजा’ म्हणत.

सणांखेरीज नामकरण, मुलाच्या तेराव्या वर्षीचा बार मिट्झवा, लग्ने, पुण्यतिथ्या यांची वर्दळ असते. लग्नाच्या आदल्या रात्री मेंदी. सिनेगॉगमध्ये वधू आत येताना वर तेब्यावरून ‘योनाती झीव यिफातेख’ हे हिब्रू गीत गातो. वराचा गळा बरा नसेल तर सगळी मंडळी साथ देऊन वेळ निभावतात. अंगठी देऊन विवाह लागतो, तरी गळ्यात मंगळसूत्रही असते. कीर्तनाची परंपरा याच समाजात १८८० च्या सुमारास मुंबईत सुरू झाली. हरिदासी कीर्तनाचा पूर्वरंग-उत्तररंग घेऊन अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने मराठीत रचली गेली. विसाव्या शतकात ती मागे पडली, पण त्यातली पदे प्रामुख्याने बायकांनी लक्षात ठेवली, आणि आज एखाद्या कार्यक्रमात ऐकू येतात ती त्यांच्यामुळेच.

इस्रायल राष्ट्र १९४८ मध्ये स्थापन झाल्यावर समाजाचा मोठा भाग तिकडे गेला. बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद येथे मराठी बोलणाऱ्या वस्त्या झाल्या. तिथल्या राब्बींनी विवाहासाठी त्यांच्या ज्यूपणाविषयी शंका घेतली. मोर्चे-धरण्यांनंतर १९६४ मध्ये नेसेटने, म्हणजे इस्रायलच्या संसदेने, ते सर्व बाबतींत पूर्ण ज्यू असल्याचे मान्य केले. कोकणातल्या अनेक सिनेगॉगना मिन्यान मिळेनासा झाला. मुंबईत मांडवी, डोंगरी, भायखळ्याची वस्ती विरळ झाली, आणि राहिलेल्यांपैकी बरेच जण परवडणाऱ्या घरांसाठी ठाण्याकडे सरकले. ठाण्याची मंडळी आज मोठी दिसते ती काही अंशी या सरकण्यामुळे, हे विसरू नये. उन्हाळ्यात आणि सणांना इस्रायलहून नातेवाईक आले की आवारात हिब्रू आणि मराठी एका वाक्यात ऐकू येतात. अनेकदा हिब्रू तरुणांची आणि मराठी आजीची असते.

महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात ज्यूंचे नरिमन हाऊस लक्ष्य झाल्यापासून ज्यू प्रार्थनास्थळांना पोलीस पहारा असतो. बाहेरच्या व्यक्तीने आधी विश्वस्तांची परवानगी घ्यावी आणि ओळखपत्र जवळ ठेवावे. पुरुषांनी डोके झाकावे. टोपी नसेल तर रुमाल चालतो. शब्बाथ आणि सणांच्या दिवशी छायाचित्रे काढू नयेत, फोन बंद ठेवावा.