इंडस क्रीड

इंडस क्रीड हा मुंबईतील इंग्रजी भाषेत गाणारा भारतीय रॉक संगीतसमूह (बँड) आहे. इ.स. १९८४ मध्ये 'रॉक मशीन' या नावाने त्याची स्थापना झाली. १९९३ मध्ये समूहाने 'इंडस क्रीड' हे नाव धारण केले, १९९७ मध्ये तो विसर्जित झाला आणि २०१० मध्ये बदललेल्या सदस्यांसह पुन्हा एकत्र आला. समूहाचे चार अल्बम प्रसिद्ध झाले असून पहिल्या व चौथ्या अल्बममध्ये चोवीस वर्षांचे अंतर आहे. परकीय गाण्यांच्या अनुकरणाऐवजी स्वतः रचलेली गाणी घेऊन रंगमंचावर उभे राहणाऱ्या भारतीय रॉक समूहांमध्ये त्याची गणना अग्रक्रमाने केली जाते.

पार्श्वभूमी

हार्ड रॉक हा रॉक संगीताचा एक प्रकार आहे. विद्युत गिटारचा भरदार व मुद्दाम खरखरीत केलेला नाद, ड्रमचा जोरकस ठेका आणि वरच्या पट्टीतील गायन ही त्याची प्रमुख लक्षणे होत. १९६०च्या दशकाच्या अखेरीस व १९७०च्या दशकात लेड झेपेलिन, डीप पर्पल, ब्लॅक सॅबथ या ब्रिटिश समूहांनी हा प्रकार जगभर पोहोचवला.

मुंबईत या संगीताचा श्रोतृवर्ग सुरुवातीपासून होता, परंतु तो लहान होता व प्रामुख्याने महाविद्यालयीन तरुणांचा होता. १९७०च्या सुमारास एका सिगारेट-उत्पादनाच्या जाहिरातीसाठी भरवल्या जाणाऱ्या 'सिम्ला बीट' स्पर्धेत देशभरातील समूह भाग घेत. १९७१ मध्ये लोणावळ्याजवळील मळवली येथे 'स्नेहयात्रा' हा खुल्या मैदानावरील संगीतमेळा झाला. १९७२ मध्ये लेड झेपेलिनचे जिमी पेज व रॉबर्ट प्लांट यांनी कुलाब्यातील 'स्लिप डिस्क' या नृत्यगृहात स्थानिक वादकांची वाद्ये घेऊन वादन केले. मार्च १९८० मध्ये 'द पोलीस' या ब्रिटिश समूहाचा कार्यक्रम धोबी तलावाजवळील रंगभवन या खुल्या नाट्यगृहात झाला. पुढे रंगभवन हेच मुंबईतील रॉक संगीताचे प्रमुख केंद्र बनले. १९८६ मध्ये फरहाद वाडिया यांनी 'इंडिपेंडन्स रॉक' हा वार्षिक महोत्सव याच ठिकाणी सुरू केला.

या काळातील बहुतेक समूह ब्रिटिश व अमेरिकी गाणी जशीच्या तशी वाजवत. श्रोत्यांची मागणीही तीच असे. मूळ गाण्याशी वादन किती जुळते यावरून समूहाची योग्यता ठरे. शिवाय परदेशी वाद्ये व ध्वनिवर्धक यंत्रणा यांवर जबर आयात शुल्क असल्यामुळे चांगली गिटार मिळवणे हेच एक कठीण काम होते. दूरचित्रवाणीवर दूरदर्शन ही एकमेव वाहिनी होती आणि तिच्यावर अशा संगीताला फारच थोडी जागा होती.

रॉक मशीन (१९८४–१९९३)

गिटारवादक महेश तिनईकर हे समूहाच्या संस्थापकांपैकी एक होत. सुरुवातीच्या काळात इयान सांतामारिया हे मुख्य गायक, तर मार्क सेल्विन हे बेस गिटारवादक होते. पहिल्या काही वर्षांतच सदस्यांमध्ये मोठे फेरबदल झाले. सांतामारिया समूहातून बाहेर पडले व मुख्य गायनाची जबाबदारी उदय बेनेगल यांच्याकडे आली. गिटारवादक जयेश गांधी, ड्रमवादक मार्क मेनेझिस व कीबोर्डवादक झुबिन बालापोरिया यांच्या समावेशानंतर समूहाचे स्वरूप बरेचसे स्थिर झाले.

इतर समूहांप्रमाणे रॉक मशीननेही सुरुवात परकीय गाण्यांनी केली. महाविद्यालयीन महोत्सव व रंगभवनातील कार्यक्रम यांमुळे त्याला मोठी लोकप्रियता मिळाली. मात्र लोकप्रियतेच्या त्या टप्प्यावर समूहाने स्वरचित गाण्यांकडे वळण्याचा निर्णय घेतला. ओळखीच्या गाण्यांसाठी आलेल्या श्रोत्यांपुढे अनोळखी गाणी सादर करणे, ही त्या काळी जोखीम होती.

१९८८ मध्ये 'रॉक अँड रोल रेनेगेड' हा समूहाचा पहिला अल्बम सीबीएस या कंपनीमार्फत प्रसिद्ध झाला. स्वरचित इंग्रजी रॉक गाण्यांचा संपूर्ण अल्बम एखाद्या भारतीय समूहाने मोठ्या ध्वनिमुद्रण-कंपनीकडून काढणे ही तेव्हा दुर्मीळ गोष्ट होती. त्यातील 'टॉप ऑफ द रॉक' हे गीत विशेष गाजले. १९९० मध्ये 'द सेकंड कमिंग' हा दुसरा अल्बम आला.

१९९१ मध्ये उपग्रह वाहिन्या भारतात दिसू लागल्या आणि त्यांबरोबर एमटीव्हीही घरोघरी पोहोचली. गाण्यांच्या चित्रफितींना यामुळे प्रथमच कायमचे व्यासपीठ मिळाले. समूहाच्या 'प्रिटी चाइल्ड' या गीताच्या चित्रफितीला एमटीव्हीच्या आशियाई प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार मिळाला. भारतीय रॉक समूहाचे नाव त्यामुळे देशाबाहेरील प्रेक्षकांपर्यंत गेले.

नामांतर व दुसरा कालखंड (१९९३–१९९७)

१९९३ मध्ये समूहाने 'रॉक मशीन' हे नाव सोडले. नऊ वर्षांत कमावलेली ओळख सोडण्याचा हा निर्णय चाहत्यांमध्ये चर्चेचा विषय ठरला. जुने नाव पाश्चात्त्य हार्ड रॉकच्या वळणाचे होते व त्यावरून समूह कोठला आहे हे कळत नसे. नव्या नावातील 'इंडस' म्हणजे सिंधू नदी आणि 'क्रीड' म्हणजे श्रद्धा अथवा पंथ. नामांतराबरोबर संगीतातही पालट झाला. हार्ड रॉकचा एकसुरी जोर कमी झाला आणि इंग्रजी रॉकच्या चौकटीत भारतीय वाद्यांचे व सुरावटींचे रंग मिसळण्याचा प्रयत्न सुरू झाला. याच दशकात ड्रमवादक मार्क मेनेझिस यांची जागा बॉबी दुग्गल यांनी घेतली.

१९९५ मध्ये 'इंडस क्रीड' याच नावाचा अल्बम प्रसिद्ध झाला. 'ट्रॅप्ड', 'स्लीप' व 'रॉक अँड रोल मंकी' ही त्यातील गाणी होत. रचनांच्या दृष्टीने हा समूहाचा अधिक प्रौढ अल्बम मानला जातो.

तथापि ज्या उपग्रह वाहिन्यांनी समूहाला प्रेक्षक मिळवून दिले होते, त्यांचेच धोरण या सुमारास बदलत होते. १९९२ मध्ये बाबा सेहगल यांच्या 'ठंडा ठंडा पानी' या हिंदी रॅप अल्बमला मोठे यश मिळाले होते. १९९५ मध्ये अलिशा चिनॉय यांचा 'मेड इन इंडिया' हा हिंदी पॉप अल्बम देशभर गाजला. चित्रपटाबाहेरील हिंदी गीतांचा 'इंडिपॉप' नावाने ओळखला जाणारा मोठा बाजार उभा राहिला आणि ध्वनिमुद्रण-कंपन्यांचे व वाहिन्यांचे लक्ष तिकडे वळले. इंग्रजीत गाणाऱ्या भारतीय समूहापुढे यामुळे पेच निर्माण झाला. देशातील बाजाराला हिंदी हवी होती, तर परदेशातील बाजारात इंग्रजी गाणाऱ्या हजारो समूहांशी स्पर्धा होती.

१९९७ मध्ये समूह विसर्जित झाला.

विसर्जनानंतर (१९९७–२०१०)

उदय बेनेगल व जयेश गांधी न्यूयॉर्कला गेले. तेथे त्यांनी 'आम्स फॉर शांती' हा समूह स्थापन करून भारतीय व पाश्चात्त्य संगीताचा मेळ घालणारी गाणी रचली. भारतात परतल्यावर बेनेगल यांनी महेश तिनईकर यांच्यासह 'व्हर्लिंग कलापाज' या नावाने विद्युत-वाद्यांवर भर न देणारे साधे गिटार-गायनाचे कार्यक्रम केले. जुन्या समूहाच्या पुनरुज्जीवनाची वाट या सहकार्यातून मोकळी झाली.

या तेरा वर्षांत मुंबईतील परिस्थितीही पालटली. रंगभवनाच्या परिसरात महाविद्यालय व रुग्णालये असल्याने तो शांतता क्षेत्रात मोडला आणि ध्वनिप्रदूषणविषयक नियमांच्या अंमलबजावणीनंतर तेथील रॉक कार्यक्रम बंद झाले. 'इंडिपेंडन्स रॉक' महोत्सव अंधेरीतील चित्रकूट मैदानावर हलवण्यात आला. दुसरीकडे, २००७ मध्ये लोअर परळ येथे 'ब्लू फ्रॉग' हे संगीतगृह सुरू झाले आणि २०१० मध्ये पुण्यात 'एनएच७ वीकेंडर' हा महोत्सव सुरू झाला. या दोन्ही ठिकाणी स्वरचित गाण्यांनाच प्राधान्य होते. रॉक मशीनने ज्या गोष्टीसाठी जोखीम पत्करली होती, ती आता नव्या पिढीच्या समूहांकडून गृहीत धरली जात होती.

पुनरागमन (२०१० पासून)

२०१० मध्ये बेनेगल, तिनईकर व बालापोरिया हे तीन जुने सदस्य पुन्हा एकत्र आले. बेस गिटारसाठी रुशाद मिस्त्री व ड्रमसाठी जय राव कवी या तरुण वादकांचा समावेश करण्यात आला. केवळ जुनी गाणी वाजवून स्मरणरंजन न करता समूहाने नवी रचना हाती घेतली आणि २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' हा चौथा अल्बम प्रसिद्ध केला. त्याचे ध्वनिमिश्रण ब्रिटिश निर्माते टिम पामर यांनी केले. पर्ल जॅम या अमेरिकी समूहाच्या 'टेन' या प्रसिद्ध अल्बमचे ध्वनिमिश्रणही त्यांचेच आहे. 'फायरफ्लाइज' व 'नो डिसग्रेस' ही 'इव्हॉल्व्ह'मधील गाणी होत. समूहाच्या पहिल्या अल्बममधील सरळ हार्ड रॉकपेक्षा या गाण्यांची बांधणी अधिक गुंतागुंतीची व लांबीला मोठी आहे.

महत्त्व व मूल्यमापन

पाश्चात्त्य हार्ड रॉक समूहांच्या इतिहासात व्यसने, न्यायालयीन वाद व सदस्यांमधील भांडणे यांना मोठे स्थान असते. इंडस क्रीडच्या वाटचालीतील चढउतारांची कारणे बऱ्याच अंशी वेगळी आहेत. ध्वनिमुद्रण-कंपन्या, वाहिन्या व कार्यक्रमांच्या जागा यांपैकी कोणताही आधार समूहाला दीर्घकाळ मिळाला नाही. प्रत्येक टप्प्यावर समूहाला आपण कोणासाठी व कोणत्या भाषेत गातो, या प्रश्नाचे उत्तर नव्याने शोधावे लागले. स्वरचित गाण्यांकडे वळणे, नाव बदलणे आणि भारतीय संगीताशी नाते जोडणे ही त्याच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे होती.

इंग्रजीत गाण्याच्या निवडीमुळे समूहाचा श्रोतृवर्ग शहरी व मर्यादित राहिला, ही त्यावरील टीका वस्तुस्थितीला धरून आहे. महाराष्ट्रातीलही बहुसंख्य श्रोत्यांपर्यंत हे संगीत पोहोचले नाही. परंतु भारतीय समूहाने स्वतःची गाणी लिहावीत, ती अल्बमरूपाने काढावीत व त्यांच्याच बळावर कार्यक्रम करावेत, हा पायंडा दृढ करण्यात त्याचा वाटा मोठा आहे. दिल्लीतील परिक्रमा, मुंबईतील पेंटाग्राम यांसारख्या समूहांच्या पिढीला हा पायंडा आयता उपलब्ध झाला.

अल्बम

• रॉक अँड रोल रेनेगेड (१९८८, 'रॉक मशीन' या नावाने)
• द सेकंड कमिंग (१९९०, 'रॉक मशीन' या नावाने)
• इंडस क्रीड (१९९५)
• इव्हॉल्व्ह (२०१२)

प्रमुख सदस्य

• उदय बेनेगल – मुख्य गायन
• महेश तिनईकर – गिटार
• जयेश गांधी – गिटार (१९९७ पर्यंत)
• झुबिन बालापोरिया – कीबोर्ड
• मार्क सेल्विन – बेस गिटार (१९९७ पर्यंत)
• मार्क मेनेझिस, बॉबी दुग्गल – ड्रम (१९९७ पूर्वी)
• रुशाद मिस्त्री – बेस गिटार ('इव्हॉल्व्ह'च्या काळात)
• जय राव कवी – ड्रम ('इव्हॉल्व्ह'च्या काळात)
• इयान सांतामारिया – मुख्य गायन (सुरुवातीचा काळ)