उपकारस्तुती

देवाकडून लाभलेल्या दानांचे स्मरण ठेवून प्रार्थनेतून व आचरणातून त्याचे आभार मानण्याच्या साधनेला मराठी ख्रिस्ती परंपरेत उपकारस्तुती म्हणतात. मन भरून येण्याची वाट न पाहता ठरावीक वेळी आभार मानावेत आणि त्या सवयीतून मन घडत जावे, अशी या साधनेची धारणा आहे. इ. स. ५० च्या सुमारास प्रेषित पौलाने छळ सोसणाऱ्या थेस्सलनीका येथील मंडळीला सर्व परिस्थितीत आभार मानण्याचा उपदेश केला. मात्र त्यावरून दुःखितांना गप्प बसवणे अयोग्य ठरते, कारण बायबलमधील स्तोत्रसंहितेत विलाप आणि स्तुती यांना सारखाच मान आहे.

दैनंदिन उपकारस्तुतीला सर्वांत नेमकी शिस्त येशूसंघाचे संस्थापक संत इग्नाशियस लोयोला (१४९१–१५५६) यांनी लावली. १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळालेल्या त्यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथात आत्मपरीक्षणाच्या, म्हणजे स्वतःच्या विचारांचा व कृतींचा प्रार्थनापूर्वक आढावा घेण्याच्या, पाच पायऱ्या सांगितल्या असून त्यांतील पहिली पायरी मिळालेल्या उपकारांबद्दल देवाचे आभार मानण्याची आहे. दोष ओळखण्यासाठी कृपा मागणे, प्रहरामागून प्रहर तपासणे, क्षमा मागणे आणि सुधारणेचा निश्चय करणे या पायऱ्या त्यानंतर येतात. हा क्रम फार महत्त्वाचा आहे, कारण आपल्यावर प्रेम केले गेले आहे हे आधी उमगलेला माणूस स्वतःचे दोष न घाबरता पाहू शकतो. कृतघ्नता हे सर्व पापांचे मूळ आहे, असे इग्नाशियस यांनी १५४२ मधील एका पत्रात म्हटले होते. प्रॉटेस्टंट परंपरेतील हायडेलबर्ग प्रश्नोत्तरी या धर्मशिक्षणाच्या ग्रंथानेही (१५६३) दहा आज्ञा व प्रार्थना यांचे विवेचन कृतज्ञतेच्या प्रकरणात केले आहे.

जेवणापूर्वीची प्रार्थना हे या साधनेचे सर्वांत घरगुती रूप होय. जर्मनीतील आयलेनबुर्गचे धर्मोपदेशक मार्टिन रिंकार्ट यांचे प्रसिद्ध आभारगीत तीस वर्षांच्या युद्धाच्या काळात, सुमारे १६३६ मध्ये, भोजनप्रसंगीची प्रार्थना म्हणूनच रचले गेले. पुढच्याच वर्षी त्या नगरात प्लेगची साथ आली आणि तिच्या काळात त्यांनी हजारो मृतांचे अंत्यविधी केले.

या साधनेला सामूहिक रूपही आहे: मुंबई परिसरातील ईस्ट इंडियन कॅथलिक समाज ऑक्टोबरच्या सुरुवातीस ‘आगेरा’ हा सुगीचा सण साजरा करतो. त्या दिवशी भाताच्या नव्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन त्यांवर आशीर्वाद मागितला जातो, आणि बहुतेक शेते इमारतींखाली गेल्यानंतरही अनेक गावठाणांनी ही प्रथा टिकवली आहे.