जबलपूर ते पुणे : मुलींच्या नेतृत्वशिक्षणाची वाटचाल

स्त्रीशिक्षणाचा इतिहास सांगताना आपण शाळांची आणि पदव्यांची गणना करतो. परंतु मुलींना निर्णय घेण्याचे शिक्षण कोठे मिळाले, हे सहसा विचारीत नाही. गाईड चळवळीचा इतिहास या प्रश्नाचे एक उत्तर देतो.

१९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथे भरलेल्या बालवीरांच्या मेळाव्यास काही मुली आमंत्रणावाचून हजर झाल्या आणि त्यांनी बेडन-पॉवेल यांच्याकडे प्रवेश मागितला. १९१० मध्ये त्यांच्या भगिनी ॲग्नेस यांच्या नेतृत्वाखाली मुलींची स्वतंत्र संघटना उभी राहिली. तिचे खरे श्रेय त्या अनाहूत मुलींचेच होय.

पुढच्याच वर्षी, १९११ मध्ये, तेव्हाच्या मध्य प्रांतात, जबलपूरला भारतातील पहिले गाईड पथक निघाले. मात्र त्याचे दार युरोपीय मुलींपुरतेच उघडे होते. भारतीय मुलींना प्रवेश मिळाला तो १९१६ पासून. १९२८ साली गाईडांची जागतिक संघटना स्थापन झाली, तेव्हा संस्थापक सदस्यांत भारताचे नाव होते.

या शिक्षणाचे मर्म गणवेशात नसून संघपद्धतीत आहे. सहा-आठ मुलींचा एक संघ आणि त्यांच्यातलीच एक संघनायिका. तंबू कोठे ठोकावा, चूल कोणी पेटवावी, थकलेल्या मैत्रिणीचे ओझे कोणी उचलावे, हे तिने ठरवायचे आणि निर्णय चुकला तर परिणामही तिनेच सोसायचे. घरी जिला कोणी विचारीत नसे, तिच्या शब्दाला येथे वजन येई.

७ नोव्हेंबर १९५० रोजी देशातील स्काउट संघटना एकत्र येऊन ‘भारत स्काउट्स आणि गाईड्स’ ही संस्था झाली. १५ ऑगस्ट १९५१ रोजी गाईड संघटना तीत सामील झाली. अशा विलीनीकरणात स्त्रियांचा आवाज दबण्याची भीती असते. येथे मात्र श्रीमती लक्ष्मी मजुमदार यांनी १९६४ ते १९८३ या काळात राष्ट्रीय आयुक्त म्हणून मुलगे आणि मुली अशा दोहोंच्या संस्थेची धुरा वाहिली. १६ ऑक्टोबर १९६६ रोजी लेडी ऑलेव्ह बेडन-पॉवेल यांच्या हस्ते पुण्यात ‘संगम’ या जागतिक केंद्राचे उद्घाटन झाले. स्वित्झर्लंड, इंग्लंड व मेक्सिको यांच्यानंतरचे हे चौथे केंद्र. ज्या देशात ५५ वर्षांपूर्वी येथल्याच मुलींना प्रवेश नव्हता, तेथे आता जगभरच्या मुली पाहुण्या म्हणून येऊ लागल्या.

आपल्या शाळांतून समारंभात ध्वज धरण्यासाठी मुली पुढे असतात. त्या समारंभाची आखणी करताना त्यांना कोणी विचारले होते काय, याचे उत्तर आपण सर्वांनी प्रामाणिकपणे शोधावे.