कर्नाळ्याचा तिबोटी खंड्या

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात कर्नाळ्याचा सुळका दिसतो. इतिहास म्हटला की आपली मान आपोआप वर जाते. १६५७ ला शिवाजी महाराजांनी हा किल्ला घेतला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात तो मोगलांकडे गेला, १६७० ला परत स्वराज्यात आला. हे आपल्याला पाठ असतं. आज मात्र जरा खाली बघूया, ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीकडे.

तिथे पावसाळ्यात तिबोटी खंड्या घर करतो. चोचीसकट लांबी जेमतेम तेरा सेंटिमीटर, वजन वीस ग्रॅमच्या आतबाहेर. पायाला बोटं तीनच, म्हणून तिबोटी. पिवळा, जांभळा, निळा, असा रंगांचा नुसता खजिना. पण गर्द सावलीत बसला की समोर असून दिसत नाही. बाणासारखा निघून जातो, मागे एक बारीक शीळ राहते.

कागदावर तो आला बंगालच्या नावाने. एलीझर अल्बिन या इंग्रज चित्रकाराने १७३८ च्या पुस्तकात ‘बंगालचा खंड्या’ म्हणून त्याचं चित्र छापलं. त्यावरून १७५८ मध्ये लिनियसने त्याला शास्त्रीय नाव दिलं. गंमत म्हणजे, लिनियस भारतात कधी आलाच नाही!

१९६८ मध्ये कर्नाळा पक्षी अभयारण्य झालं. तेव्हा क्षेत्र साडेचार चौरस किलोमीटरही नव्हतं. २००३ मध्ये ते बारा चौरस किलोमीटरच्या वर गेलं. महामार्ग मात्र त्याच्या मधूनच जातो.

या पाखराची गरज केवढीशी? ओलसर दरड, त्यात हातभर लांब बीळ, आणि पिल्लांसाठी सापसुरळ्या, बेडूक, खेकडे. नर-मादी दोघंही अंडी उबवतात, दोघंही चारा आणतात.

आता जून उजाडला की कोकणात त्याच्या बिळांसमोर कॅमेरे लागतात. चोचीत सापसुरळी धरलेला खंड्या, फोटो झकास येतो. पण माणसं हटेपर्यंत तो बिळात शिरायला कचरतो, आणि आत पिल्लं उपाशी राहतात. बरं, हे करणारे आपल्यासारखेच पक्षीप्रेमी असतात.

किल्ल्याचा एखादा दगड ढासळला तर निदान दिसतो तरी. इथे एक वीण वाया गेली तर कुठल्याच बखरीत नोंद होत नाही. तेव्हा यंदा कर्नाळ्याला जाल, तर शीळ ऐका आणि पुढे चला. बीळ सापडलंच, तर जागा कुणाला सांगू नका.