सईद अख्तर मिर्झा : नाक्यावरच्या माणसांचे दिग्दर्शक

आमच्या नारायणगावला तमाशापंढरी म्हणतात. फड, राहुटी, सुपारी हे शब्द इथल्या मुलांना शाळेत यायच्या आधीच ठाऊक असतात. पण सिनेमाचा दिग्दर्शक कोण, असं वर्गात विचारलं तर मुलं हीरोचं नाव सांगतात. म्हणून पडद्यामागच्या एका माणसाची ही ओळख.

सईद अख्तर मिर्झा यांचा जन्म ३० जून १९४३ रोजी मुंबईत झाला. वालिद अख्तर मिर्झा यांनी 'नया दौर' (१९५७) आणि 'वक्त' (१९६५) यांच्या कथा लिहिल्या. भाऊ अझीझ मिर्झा हेही दिग्दर्शक. सईद यांनी आधी जाहिरात क्षेत्रात नोकरी केली. मग तिशी ओलांडल्यावर पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून १९७६ मध्ये शिक्षण पूर्ण केलं. शिकायला वय आड येत नाही, हे आम्ही पालकांना नेहमी सांगतो, ते यासाठीच.

'अरविंद देसाई की अजीब दास्तान' (१९७८) हा त्यांचा पहिला मोठा चित्रपट. 'अल्बर्ट पिंटो को गुस्सा क्यों आता है' (१९८०) मध्ये गोवन ख्रिस्ती मेकॅनिक आहे, तर 'मोहन जोशी हाजिर हो' (१९८४) मध्ये चाळीच्या दुरुस्तीसाठी घरमालकाविरुद्ध कोर्टात गेलेलं म्हातारं जोडपं. १९८६ मध्ये कुंदन शाह यांच्यासोबत केलेली दूरदर्शनवरची 'नुक्कड' मालिका घराघरांत पोहोचली. तिच्यात सायकल दुरुस्त करणारा हरी आणि हॉटेलवाले कादरभाई एकाच नाक्यावर सुखदुःख वाटून घेतात.

आपल्या समाजाला जवळचे त्यांचे दोन चित्रपट. 'सलीम लंगडे पे मत रो' (१९८९) हा गुंडगिरीत अडकलेल्या मुंबईच्या तरुणाचा. शिक्षण सुटलं, काम मिळालं नाही की पोरगं कुठे जातं, हे त्यात दिसतं. 'नसीम' (१९९५) मध्ये शाळकरी मुलगी आणि तिचे आजोबा आहेत. आजोबांचं काम शायर कैफी आझमी यांनी केलं. ६ डिसेंबर १९९२ रोजी, बाबरी मशीद पाडली गेली त्याच दिवशी, आजोबांचा इंतकाल होतो. या चित्रपटासाठी मिर्झांना सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

त्यानंतर बरीच वर्षं ते चित्रपटांपासून दूर राहिले आणि लेखनाकडे वळले. 'अम्मी' हे त्यांचं पुस्तक २००८ मध्ये आलं.

मिर्झांच्या पडद्यावर मुसलमान ना नवाब आहे, ना खलनायक. तो आपल्या मोहल्ल्यातला, फी आणि भाड्याची चिंता करणारा माणूस आहे. 'नसीम' घरातल्या मोठ्या मुलांसोबत बसून पाहा. मुलं प्रश्न विचारतील, तेव्हा उत्तर टाळू नका.