शेवटच्या चेंडूनंतर

खेळात हार-जीत चालायचीच, असं आपण सगळेच म्हणतो. सामना सुरुवातीपासून हातातून गेलेला असेल तर ते पटतंही. पण काही पराभव वेगळे असतात. दिवसभर आपली बाजू वरचढ असते, जिंकल्याची खात्री झालेली असते, घरातलं कुणीतरी आनंदानं चहा टाकायला उठलेलं असतं आणि शेवटच्या दहा मिनिटांत सगळं पालटतं. आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला हे दुःख समजावून सांगावं लागत नाही. पेरणी साधली नाही तर तो दुबार पेरणी करतो. पण बोंडं फुटून शेत पांढरं झालेलं असताना पाऊस आला, की तो नुसता बांधावर उभा राहतो.

असा पराभव झाला, की माणसाला कुणीतरी एक गुन्हेगार हवा असतो. दिवसभरात अकरा जणांनी केलेल्या लहानमोठ्या चुका विसरल्या जातात आणि शेवटी ज्याच्या हातात चेंडू होता, त्याच्या माथी सगळा दोष येतो. क्रिकेटचा इतिहास आपण धावांचा आणि बळींचा लिहितो. प्रेक्षकांनी हार कशी सोसली, याचाही एक इतिहास आहे. आज त्याविषयी थोडं बोलावंसं वाटतं.

१८ एप्रिल १९८६. वार शुक्रवार. शारजात ऑस्ट्रल-एशिया कपचा अंतिम सामना होता, भारत विरुद्ध पाकिस्तान. भारतानं ५० षटकांत ७ बाद २४५ धावा केल्या. गावसकर ९२, श्रीकांत ७५, वेंगसरकर ५०. पाकिस्तानचे गडी पडत गेले, पण जावेद मियांदाद टिकून राहिला. शेवटच्या षटकात ११ धावा हव्या होत्या आणि चेंडू होता चेतन शर्माच्या हातात. त्याचं वय तेव्हा अवघं वीस. त्या षटकात एक जण धावबाद झाला, एकाचा त्रिफळा उडाला. पाचव्या चेंडूवर शेवटच्या जोडीनं चोरटी धाव काढली. यष्ट्यांवरची फेक लागली असती तर सामना तिथंच संपला असता. ती हुकली. आता एका चेंडूत चार धावा. यॉर्कर टाकण्याच्या प्रयत्नात चेंडू फुलटॉस पडला आणि मियांदादनं तो मिडविकेटवरून थेट सीमेपार भिरकावला. पाकिस्तान एका गड्यानं जिंकलं.

मी तेव्हा नुकतीच दहावीची परीक्षा दिली होती. आमच्या गल्लीत एका निवृत्त गुरुजींकडे टीव्ही होता, त्यांच्या खोलीत आम्ही तीस-चाळीस जण दाटीवाटीनं बसलो होतो. तो षटकार गेला आणि खोलीत कुणी बोलेना. माझ्या घशात आवंढा आला होता. चपला शोधताना मागून एकजण हसत म्हणाला, ‘आज तं तुमच्या घरी दिवाळी असन!’ रोज आमच्यासोबत खेळणाराच तो. मला उत्तर सुचलं नाही. गुरुजींनी टीव्ही बंद केला आणि त्याला म्हणाले, ‘आधी पोराच्या डोळ्यात पाह्य, मंग बोल.’

घरी आलो तर अब्बा ओट्यावर बसलेले. ‘क्या हुआ?’ त्यांनी विचारलं. ‘हार गए,’ मी म्हणालो. किती धावांनी, कसं, कुणामुळं, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी विचारलं, ‘कोई कुछ बोला?’ पुढं मी मराठीत कविता लिहू लागलो, तीसेक वर्षं लिहितो आहे. त्या तीन शब्दांवर मात्र मला कधी कविता करता आली नाही.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तिकडं अमेरिकेत बेसबॉलच्या जागतिक मालिकेत असंच काहीसं घडलं. बोस्टनचा संघ १९१८ पासून विजेतेपदाची वाट पाहत होता. २५ ऑक्टोबर १९८६ च्या रात्री न्यूयॉर्कविरुद्ध तो विजयापासून एका चेंडूवर होता. न्यूयॉर्कनं बरोबरी साधली आणि त्यानंतर आलेला एक साधा सरपटी चेंडू बिल बकनर या खेळाडूच्या दोन पायांमधून निसटला. सामना गेला. पुढचा, शेवटचा सामनाही बोस्टन हरलं. बरोबरी बकनरच्या चुकीआधीच झाली होती आणि शेवटच्या सामन्यात जिंकायची संधीही होती. पण लोकांनी तो एकच चेंडू लक्षात ठेवला. बकनरला धमक्या आल्या. २००४ मध्ये बोस्टन अखेर जिंकलं. ८ एप्रिल २००८ रोजी बकनरला समारंभाचा पहिला चेंडू टाकायला मैदानावर बोलावलं, तेव्हा प्रेक्षक उभे राहून कितीतरी वेळ टाळ्या वाजवत होते आणि तो डोळे पुसत होता. एका चुकीच्या माफीला साडेएकवीस वर्षं लागली!

चेतन शर्माला त्या मानानं लवकर संधी मिळाली. शारजानंतर तीन महिन्यांनी बर्मिंगहॅमच्या कसोटीत त्यानं दहा बळी घेतले. आणि ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी आपल्या नागपुरात, विदर्भ क्रिकेट संघटनेच्या सिव्हिल लाइन्समधल्या मैदानावर, विश्वचषकाच्या सामन्यात त्यानं न्यूझीलंडचे तीन फलंदाज लागोपाठच्या तीन चेंडूंवर त्रिफळाबाद केले. रदरफोर्ड, स्मिथ, चॅटफील्ड. विश्वचषकाच्या इतिहासातली ती पहिली हॅट्ट्रिक. त्याच दिवशी अंगात ताप असताना गावसकरांनी एकदिवसीय सामन्यांतलं आपलं एकमेव शतक ठोकलं. अठरा महिन्यांपूर्वी ज्या हातांनी कपाळ बडवून घेतलं होतं, तेच हात त्या दिवशी टाळ्या वाजवत होते. तरीही चेतन शर्माचं नाव निघालं की अजून लोकांना आधी शारजाचा षटकार आठवतो, नागपूर नंतर.

पण खेळाडूच्या हातात पुन्हा चेंडू येतो. तो पुन्हा धावत येऊन टाकू शकतो. ज्या प्रेक्षकाच्या दुःखावर संशय घेतला गेला, त्यानं तो कुठल्या मैदानावर पुसायचा?

या प्रश्नाचं एक टोक आमच्या वर्ध्यातच सापडतं. मुंबईत तेव्हा पंचरंगी सामने गाजत होते. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि उरलेल्यांचा ‘रेस्ट’, असे पाच संघ. डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याचे प्रतिनिधी वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटले. वैयक्तिक सत्याग्रह सुरू होता. पहिले सत्याग्रही विनोबा पवनारहून ऑक्टोबरातच निघाले होते, देशभर लोक तुरुंगात जात होते. अशा वेळी करमणुकीचे सामने गांधीजींना योग्य वाटले नाहीत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, कॉलेजांचे, संस्थांचे संघ आपल्याला समजतात, पण खेळात धर्मावर संघ का पाडायचे हे आपल्याला कधीच कळलं नाही, असं त्यांनी सांगितलं. त्या वर्षी हिंदू संघ उतरला नाही. पुढं मात्र सामने पुन्हा सुरू झाले आणि स्टेडियम भरत राहिलं.

१९४४ च्या अंतिम सामन्यात ब्रेबर्न स्टेडियमवर हिंदू आणि मुस्लिम संघ समोरासमोर आले. बाहेरचं वातावरण किती तापलेलं होतं, हे सांगायला नको. मुस्लिम संघाला शेवटच्या डावात २९८ धावा हव्या होत्या. के. सी. इब्राहिम सलामीला आला आणि १३७ धावांवर नाबाद राहिला. त्याचा संघ एका गड्यानं जिंकला. इतक्या जवळून हरल्यावर हिंदू संघाचे कर्णधार विजय मर्चंट प्रतिस्पर्ध्यांच्या खोलीत गेले आणि त्यांनी इब्राहिमला मिठी मारली. रणजी स्पर्धेत दोघेही मुंबईकडूनच खेळायचे. इब्राहिम पुढं भारताकडूनही कसोटी खेळला. धर्मावर पाडलेल्या संघांत गांधीजींना जे खटकलं होतं, ते त्या एका मिठीनं क्षणभर पुसलं. स्पर्धा १९४६ मध्ये कायमची बंद झाली. ते बरंच झालं. संघ गेले, तशी ती वाटणी आपल्या मनातूनही गेली असती तर अब्बांना तो प्रश्न पडला नसता.

मर्चंटांनी जे एकट्यानं केलं, ते ३१ जानेवारी १९९९ रोजी चेन्नईच्या चेपॉक मैदानावर हजारोंनी केलं. त्याच महिन्यात, पाकिस्तानशी सामना नको म्हणून दिल्लीच्या कोटला मैदानाची खेळपट्टी खोदली गेली होती. चेन्नई कसोटीत भारताला २७१ धावा हव्या होत्या. ५ बाद ८२ वरून सचिन तेंडुलकर आणि नयन मोंगियानं डाव सावरला. पाठ दुखत असताना सचिननं १३६ केल्या. तो बाद झाला तेव्हा फक्त १७ धावा उरल्या होत्या. उरलेले तीन गडी चार धावांत गेले. बारा धावांनी हार! मैदान काही क्षण सुन्न झालं. मग लोक उभे राहिले आणि पाकिस्तानच्या खेळाडूंसाठी टाळ्या वाजू लागल्या. त्या संघानं मैदानाला फेरी मारली. टाळ्या थांबल्या नाहीत. मला त्या टाळ्यांचं फार अप्रूप वाटतं. पाहुण्यांसाठी त्या होत्याच. पण माझ्यासारख्या कितीजणांना त्या दिवशी आपलं दुःख सिद्ध करून दाखवावं लागलं नाही.

आता थोडं घराजवळचं. १२ मार्च २०११. वर्धा रोडवरच्या जामठा स्टेडियमवर विश्वचषकात भारत-दक्षिण आफ्रिका सामना. एक बाद २६७ वरून भारत २९६ त सर्वबाद. २९ धावांत नऊ बळी! शेवटच्या षटकात आफ्रिकेला १३ हव्या होत्या, चेंडू आशिष नेहराकडे. दोन चेंडू राखून आफ्रिका जिंकली. मी परतीच्या गर्दीत होतो. रात्री बुटीबोरीच्या टपरीवर चहा घेताना सगळे नेहरावर तुटून पडले होते. तेवढ्यात एक वयस्क गृहस्थ म्हणाले, ‘भाऊ, नऊ जण एकोणतीस धावांत गेले, त्याहीचा हिसाब करा ना.’ सगळे गप्प झाले. अठरा दिवसांनी मोहालीत, पाकिस्तानविरुद्धच्या उपांत्य सामन्यात, त्याच नेहरानं दोन बळी घेऊन संघाला अंतिम फेरीकडं नेलं.

शेवटच्या चेंडूवर आपण पुन्हाही हरू. तेव्हा आधी पूर्ण डावाचा हिशेब करावा, मग शेजारी बसलेल्याकडं पाहावं. तोही आपल्याइतकाच हरलेला असतो. आणि त्या रात्री कुठल्याही घरात मुलगा परतला, तर बापानं त्याला किती धावांनी हरलो, एवढंच विचारावं.