एस्केप रूम : बंद दारामागची सांघिक कोडी

दारव्ह्याहून शिक्षणासाठी पुण्या-मुंबईला गेलेल्या मुलाने घरी फोन करून 'आम्ही सहा जणांनी पैसे भरून स्वतःला तासभर एका खोलीत कोंडून घेतले' असे सांगितले, तर घरच्यांच्या कपाळावर आठी उमटणे स्वाभाविक आहे. मात्र हा वेडेपणा नसून 'एस्केप रूम' या नावाने जगभर रुजलेला एक सांघिक खेळ आहे. खेळाडूंना एका कथेची पार्श्वभूमी दिली जाते. कधी ती चोरीला गेलेल्या हिऱ्याची असते, कधी बेपत्ता शास्त्रज्ञाची, तर कधी फाशीच्या कैद्याची. साधारण चार ते सहा जणांच्या गटाने खोलीतील वस्तू शोधायच्या, त्यांतील परस्परसंबंध ओळखायचे, एकामागून एक कोडी सोडवून कुलपे उघडायची आणि बहुधा साठ मिनिटांच्या आत अखेरचे दार गाठायचे, असे त्याचे स्वरूप असते. बाहेर बसलेला सूत्रधार कॅमेऱ्यातून सारे पाहत असतो आणि गट फारच अडला, तर मोजके इशारे देतो. वरवर पाहता ही बुद्धीची परीक्षा वाटते. प्रत्यक्षात ती एकमेकांशी बोलण्याची आणि एकमेकांचे ऐकण्याची परीक्षा आहे.

संगणकाच्या पडद्यावरून खोलीत

या खेळाचा उगम संगणकावर झाला. जपानमधील तोशिमित्सु ताकागी यांचा 'क्रिमझन रूम' हा खेळ २००४ च्या सुमारास इंटरनेटवर विलक्षण लोकप्रिय झाला होता. एका लाल खोलीत अडकलेल्या माणसाने माऊसच्या साहाय्याने वस्तू धुंडाळून बाहेर पडायचे, एवढीच त्याची मांडणी. संगणकावरील अशा खेळांना खऱ्या जागेत उतरवण्याची कल्पना क्योटो येथील ताकाओ काटो यांना सुचली आणि २००७ साली त्यांच्या 'स्क्रॅप' या संस्थेने खेळाडूंना प्रत्यक्ष एकत्र आणून असा पहिला खेळ केला. युरोपात २०११ मध्ये बुडापेस्टमध्ये अत्तिला ग्युर्कोविच यांनी 'पॅरापार्क' सुरू केले. चिक्सेंटमिहायी या मानसशास्त्रज्ञांनी मांडलेली 'फ्लो'ची, म्हणजे कामात देहभान विसरून तल्लीन होण्याच्या अवस्थेची संकल्पना त्यांच्यापुढे होती. काम फार सोपे असेल तर कंटाळा येतो, फार अवघड असेल तर माणूस हताश होतो; या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत ही तल्लीनता लाभते. उत्तम एस्केप रूमची रचना नेमकी याच पट्टीत चालते. भारतात २०१३-१४ च्या सुमारास हा खेळ आला आणि मुंबई, पुणे, बेंगळुरू, दिल्ली अशा शहरांत त्याची केंद्रे निघाली.

खेळ परदेशी असला, तरी त्यामागील वृत्ती मराठी माणसाला अनोळखी नाही. गोरखपंथी साधूंच्या नावाने ओळखले जाणारे, गुंतलेल्या कड्यांचे 'गोरखधंदा' नावाचे खेळणे म्हणजे हातात धरण्याजोगी एस्केप रूमच होय. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील जुन्या कुलपांमध्ये विंचवाच्या आकाराचेही कुलूप आहे. कुलूप घडवणाऱ्याला नुसत्या सुरक्षिततेपलीकडची गंमतही हवी होती, हे त्यावरून कळते. देवगिरी-दौलताबादच्या किल्ल्यातील 'अंधारी' हा वळणावळणाचा काळोखा भुयारी मार्गही बंद जागेतील कोडेच आहे. फरक एवढाच, की अंधारीच्या रचनाकाराला शत्रू आतच संपायला हवा होता, तर एस्केप रूमच्या रचनाकाराला खेळाडू बाहेर पडायला हवा असतो. ज्या कोड्याचे उत्तर प्रामाणिक प्रयत्नांनी सापडूच शकत नाही, ते या खेळात कोडे नव्हे, दोष ठरतो.

कोड्यांचे शास्त्र

या खोल्यांचे दोन ढोबळ प्रकार मानता येतील. पहिल्या प्रकारात भर असतो तो नेपथ्यावर, दिव्यांवर, आवाजांवर आणि भीतीवर. दुसऱ्या प्रकारात सजावट बेताची, पण कोडी कसदार असतात. जाणकार गट सहसा दुसऱ्या प्रकाराच्या शोधात असतात. कोड्यांची गुंफणही वेगवेगळी असते. एक सुटल्यावरच दुसरे हाती येईल अशी साखळी, अनेक कोडी एकाच वेळी खुली असतील अशी मोकळी मांडणी, किंवा तीन-चार समांतर वाटा शेवटी एका कुलपापाशी येऊन मिळतील अशी रचना. साखळीत एकच जण सोडवतो आणि उरलेले भोवती उभे राहतात. म्हणून मोठ्या गटासाठी समांतर वाटांची रचना अधिक रंगतदार ठरते.

कॅनडातील संशोधक स्कॉट निकल्सन यांनी २०१५ साली जगभरातील १७५ केंद्रांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत सरासरी सुमारे ४१ टक्के गटच वेळेत बाहेर पडत असल्याचे आढळले. म्हणजे निम्म्याहून अधिक गट हरतात आणि तरीही पुन्हा येतात. दडवलेल्या वस्तू शोधणे हा सर्वाधिक वापरला जाणारा प्रकार असल्याचेही याच पाहणीत दिसले.

नवख्या गटाला आकड्यांच्या कुलपाचे गणित ठाऊक असलेले बरे. तीन अंकी कुलपाच्या १,००० शक्यता असतात. एका शक्यतेला दोन सेकंद धरले, तर सर्व तपासायला ३३ मिनिटांहून अधिक वेळ लागतो. चार अंकी कुलपाच्या १०,००० शक्यतांना साडेपाच तास पुरत नाहीत. याउलट चार वेगवेगळे अंक हाती आले असून केवळ त्यांचा क्रम ठरायचा असेल, तर शक्यता अवघ्या २४ उरतात आणि त्या मिनिटभरात फिरवून पाहता येतात. अंदाजाने कुलूप फिरवत बसावे की पुन्हा धागा शोधावा, याचा निर्णय या हिशेबावर अवलंबून असतो.

कोड्याचा एक देशी नमुना पाहता येईल. समजा, भिंतीवर 'नेत्र, वेद, चंद्र' एवढेच शब्द आहेत आणि समोर तीन अंकी कुलूप आहे. जुन्या भूतसंख्या पद्धतीत नेत्र म्हणजे २, वेद म्हणजे ४ आणि चंद्र म्हणजे १. पण २४१ वर कुलूप उघडत नाही, कारण या पद्धतीत अंक उजवीकडून डावीकडे वाचतात. खरे उत्तर १४२. भास्कराचार्यांनी आपले जन्मवर्ष, शके १०३६, याच पद्धतीने श्लोकात गुंफले आहे. आता गटातील एकाला शब्दांचे अंक ठाऊक आहेत आणि दुसऱ्याला उलट वाचनाचा नियम, पण दोघेही गप्प आहेत, अशी कल्पना केली, तर या खेळातील बहुतेक पराभवांचे कारण स्पष्ट होते.

हुशारांचा गट का अडतो?

या कारणाला मानसशास्त्रात भक्कम आधार आहे. १९८५ साली जेराल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस या अमेरिकी संशोधकांनी विद्यार्थ्यांच्या गटांना तीन उमेदवारांतून एकाची निवड करायला सांगितली. सर्वांची माहिती एकत्र केली, तर एक उमेदवार निर्विवाद सरस ठरत होता. पण त्याच्या गुणांची माहिती गटातील सदस्यांमध्ये तुकड्यातुकड्यांनी विभागलेली होती. अशा गटांनी बहुधा चुकीचीच निवड केली. जे सर्वांना आधीच ठाऊक होते त्यावर चर्चा झाली आणि जे एकट्याकडेच होते ते पुरेसे पुढे आलेच नाही. एस्केप रूममध्ये हेच घडते. एकाने खणात किल्ली पाहिलेली असते, दुसरा किल्लीवाचून पेटीशी झगडत असतो, आणि दोघांमध्ये अंतर असते चार पावलांचे.

म्हणून मुरलेले गट काही साधे नियम पाळतात. जे सापडेल ते मोठ्याने सांगायचे. सर्व वस्तू एका टेबलावर मांडायच्या आणि वापरून झालेल्या वेगळ्या ठेवायच्या. एकाने तपासलेला कोपरा दुसऱ्याने नव्या नजरेने पुन्हा पाहायचा. एकाच कोड्यावर पाच-सात मिनिटे गेली, की ते दुसऱ्याच्या हाती द्यायचे. काही धागे मुद्दाम चकवा देण्यासाठी ठेवलेले असतात हे ध्यानात ठेवायचे. आणि इशारा मागणे ही मानहानी समजायची नाही. गटातील सर्वांत अबोल सदस्याला 'तुला काय दिसते?' असे विचारणारा पुढारी बहुधा सर्वांत उपयोगी ठरतो. कंपन्या नव्या कर्मचाऱ्यांना सहलीऐवजी या खोल्यांत नेऊ लागल्या, त्यामागे हेच कारण आहे.

दार खरोखर बंद असावे का?

खेळाची दुसरी, अधिक गंभीर बाजू आहे ती दाराची. ४ जानेवारी २०१९ रोजी पोलंडमधील कोशालिन शहरात वाढदिवस साजरा करण्यासाठी एस्केप रूममध्ये गेलेल्या पंधरा वर्षांच्या पाच मुली आगीनंतरच्या विषारी वायूने गुदमरून मरण पावल्या. आग बाहेरच्या बाजूला गॅस हीटरमुळे लागली होती आणि मुलींना खोलीतून बाहेर पडता आले नाही. त्यानंतर पोलंडमध्ये देशभर तपासणी झाली व त्रुटी आढळलेली अनेक केंद्रे बंद करण्यात आली. आपल्याकडेही २९ डिसेंबर २०१७ रोजी मुंबईतील कमला मिल आवारातील आगीत १४ जणांचा, तर २५ मे २०२४ रोजी राजकोटमधील गेम झोनच्या आगीत २७ जणांचा बळी गेला. या जागा एस्केप रूम नव्हत्या. पण करमणुकीच्या जागेत बाहेर पडण्याची वाट हीच पहिली सोय असते, हा धडा तोच आहे.

चांगल्या केंद्रात दार खेळापुरतेच बंद असते. विजेवर चालणारे चुंबकीय कुलूप वीज खंडित होताच सुटते आणि आतून उघडण्यासाठी बटण असते. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये इमारतीतील अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलै अशा दोन वेळा सादर करणे मालक वा भोगवटादारावर बंधनकारक आहे. ग्राहकाने आत जाण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : दार आतून कसे उघडते, वीज गेली तर काय होते आणि आमच्यावर सतत कोणाचे लक्ष असणार आहे? या प्रश्नांची उत्तरे मिळत नसतील, तर भरलेले पैसे सोडून माघारी फिरावे. बंद जागेची भीती वाटणाऱ्यांनी आणि लहान मुलांच्या पालकांनी खोलीचे स्वरूप आधीच जाणून घेणे श्रेयस्कर.

खोलीविना खेळ

या खेळाचा गाभा खोलीत नाही, कोड्यांत आहे. हे ओळखून परदेशांतील शिक्षकांनी एक उलटा प्रकार काढला. मुलांना कोंडण्याऐवजी पेटीलाच कुलपे लावायची आणि वर्गातील कोडी सोडवून ती उघडायची. दारव्ह्यासारख्या तालुक्याच्या गावी हा प्रकार एका लोखंडी पेटीत आणि दोन-तीन आकडी कुलपांत करता येण्याजोगा आहे. साहित्यही गावातच आहे. मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गावर एकेकाळी धावणाऱ्या नॅरोगेज 'शकुंतले'च्या स्थानकांचा क्रम, ज्यात दारव्हा मोतीबाग हे स्थानक येते, हे एक कोडे होऊ शकते. मोडी लिपीतील एखादा जुना कागद हे दुसरे. वजनाच्या जुन्या कोष्टकातील एका खंडीचे शेर किती, हे तिसरे. वीस मणांची खंडी आणि चाळीस शेरांचा मण, म्हणजे उत्तर ८००.

हे कोष्टक नातवाला शाळेत शिकवलेले नसते. आजीला मात्र ते तोंडपाठ असू शकते. कुलूप फिरवणारे हात एकाचे, आकडा दुसऱ्याच्या ओठांवर. तो उच्चारला गेला, की पेटी उघडते.